रंगमंचाच्या पोटात

इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसल शहरात वेस्टगेट रोडवर टाईन थिएटर उभं आहे. वृत्तपत्राचे मालक आणि राजकारणी जोसेफ कोवेन यांनी ते बांधवून घेतलं. पहिला पडदा उघडला 23 सप्टेंबर 1867 रोजी. हे थिएटर आतून दाखवणाऱ्या फेऱ्या होतात. तिकीट काढण्याआधी त्या दिवशी तालीम किंवा प्रयोग नाही ना, हे आपण विचारून घ्यावं. असला तर रंगमंचाचा भाग वगळला जाऊ शकतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

प्रेक्षागृहात शिरताच नजर सज्जांवर आणि नक्षीवर जाते. बहुतेक पाहुणे इथेच फोटो काढत रेंगाळतात. तसं करू नये.

रंगमंचावर चढलात की पायांना उतार जाणवेल. मागची बाजू उंच, प्रेक्षकांकडची सखल. खाली बसलेल्यांना मागचे नटही दिसावेत म्हणून ही सोय.

आता रंगमंचाखाली. लाकडी खांब, तुळया, कप्प्या, दोर. अशी जुनी यंत्रणा बहुतेक ठिकाणी आधुनिकीकरणात उखडली गेली. इथली वाचली ती सिनेमामुळे! 1919 ते 1974 इथे चित्रपटगृह होतं. चित्रपटाला हवा फक्त पडदा, त्यामुळे मागच्या लाकडांना हात लावायची गरज कुणाला पडली नाही. पुढे 25 डिसेंबर 1985 ला रंगमंचाच्या भागाला आग लागली आणि बरंच काही नव्याने घडवावं लागलं. म्हणून जुनं लाकूड कोणतं आणि नवं कोणतं, हे वाटाड्याला जरूर विचारा.

त्या काळच्या नाटकांतले राक्षस आणि भुतं जमिनीतून उसळत, ती चोरदारातून. नट खाली एका फळीवर उभा राहतो. फळीचे दोर कप्प्यांवरून जाऊन वजनांना बांधलेले असतात. वजनं सोडली की फळी झपाट्याने वर येते. वरच्या झाकणाला चामड्याच्या बिजागरीने जोडलेल्या त्रिकोणी पाकळ्या असतात. नट त्यांतून बाहेर पडतो आणि पाकळ्या आपोआप मिटतात.

घोळ व्हायचा तो वजनात. नटापेक्षा वजन फार जास्त झालं तर तो भिरकावला जाई, कमी पडलं तर कमरेपर्यंत येऊन अडके. बदली नट आला की वजनं पुन्हा जुळवावी लागत. हात अंगाला चिकटवून ताठ उभं राहणं तर जिवाचाच प्रश्न.

चोरदाराचा आणखी एक प्रकार फार देखणा. 1852 साली लंडनमध्ये ‘द कॉर्सिकन ब्रदर्स’ नाटकात भूत वर येता येता रंगमंचावरून आडवं तरंगत गेलं. त्यासाठी नट चाकांच्या फळीवर उभा असे आणि ती फळी चढत्या रुळावर चाले. आइल ऑफ मॅन बेटावरच्या गेटी थिएटरात असं चोरदार आजही पाहायला मिळतं.

शेवटी रंगमंचाच्या वर काय आहे ते पाहावं. रंगवलेले पडदे उचलायला मोठा ढोल आणि त्याच्याच आसावर बारीक दांडा असतो, आपल्या विहिरीवरच्या रहाटाचा थोरला भाऊच. ढोलाचा एक दोर ओढला की दांड्यावर अनेक दोर एकदम गुंडाळले जातात. ढोलाचा घेर मोठा, म्हणून जोर कमी लागतो. मात्र दोर जास्त ओढावा लागतो. तागाचे दोर दमट हवेत आखडतात, त्यामुळे सरळ टांगलेला पडदा दुसऱ्या दिवशी तिरका दिसे आणि कामगारांना गाठी नव्याने बांधाव्या लागत.

वरचे जिने अरुंद आणि चढे असतात. गुडघे कुरकुरत असतील तर फेरी सुरू होण्याआधीच सांगावं.