“तुमच्याकडे सगळे खलिस्तानीच ना?”

ब्रॅम्प्टनला राहतो म्हटलं, की भारतातले नातेवाईक हल्ली हाच प्रश्न विचारतात. जून २०२३ मध्ये सरे इथल्या गुरुद्वाऱ्याच्या आवारात हरदीपसिंग निज्जरची हत्या झाली. सप्टेंबरमध्ये पंतप्रधान ट्रुडोंनी संसदेत भारताकडे बोट दाखवलं, भारताने आरोप फेटाळला आणि काही काळ कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसाही थांबले. तेव्हापासून फोनवर दुसरा विषयच नसतो. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

२०२१च्या जनगणनेनुसार कॅनडात सुमारे पावणेआठ लाख शीख आहेत. त्यांत वेगळं राष्ट्र मागणारे आहेत, ते नको म्हणणारे आहेत आणि विषय निघाला की गप्प होणारेही आहेत. माझ्या ओळखीतले बहुतेक जण या तिसऱ्या गटातले.

ते गप्प का होतात, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९६६ मध्ये पंजाबी भाषकांचं राज्य झालं, पण चंडीगड आणि नद्यांचं पाणी हे वाद उरले. अकाली दलाच्या १९७३च्या आनंदपूर साहिब ठरावात राज्याला जास्त अधिकार मागितले होते. पुढे बंदुका आल्या आणि चर्चा मागे पडली. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्कर शिरलं, ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर शिखांचं शिरकाण. सरकारी आकड्यानुसारच एकट्या दिल्लीत २,७३३ जण मारले गेले. अनेक घरांत ही जखम अजून ओली आहे.

दुसरी जखम कॅनडाची. २३ जून १९८५ रोजी इथल्या खलिस्तानवादी अतिरेक्यांनी ठेवलेल्या बॉम्बने एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रात पाडलं. ३२९ माणसं गेली. त्यांतले बहुतेक कॅनडाचेच नागरिक, आपल्यासारखे सुट्टीत घरी निघालेले. इतकं होऊन शिक्षा झाली ती एकालाच. पुढच्याच वर्षी पुण्यात जनरल अरुणकुमार वैद्यांचा खून झाला. आमच्या मुलांच्या शाळेत कनिष्कवर एक धडाही नाही, याची मला खंत वाटते.

वेगळं राष्ट्र मागणं या देशात गुन्हा नाही. क्वेबेकने त्यावर १९८० आणि १९९५ असं दोनदा मतदान केलं. ब्रॅम्प्टनमध्ये २०२२ साली खलिस्तानसाठी झालेलं खासगी ‘सार्वमत’ सरकारने थांबवलं नाही, ते याच कारणाने. पण २०२३ मध्ये आमच्याच गावातल्या मिरवणुकीत इंदिराजींच्या हत्येचा देखावा फिरला. मागणीवर वाद घालता येतो, खुनाचा उत्सव करणाऱ्याशी काय बोलायचं? आणि १९८४च्या न्यायाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला फुटीरतावादी ठरवलं, तर त्या देखावेवाल्यांचंच फावतं.

तेव्हा मंडळी, उत्तर ‘नाही’ असंच आहे. आपल्या नामदेवांची ६१ पदं ज्यांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत, त्यांना एका घोषणेने मोजू नका. दिवाळीलाच ते ‘बंदी छोड दिवस’ पाळतात. गुरु हरगोबिंद ग्वाल्हेरच्या कैदेतून सुटले, पण एकटे नव्हे, सोबत बावन्न राजांना घेऊन, अशी त्यामागची कथा. यंदा फराळाचं ताट शेजारी नेलंत, तर घटकाभर बसा आणि ही कथा त्यांच्याच तोंडून ऐका. १९८४चा विषय निघाला, तर तोही ऐका, आणि कनिष्कचा आपण काढा.