बोल्टाबरोबर आटेही बाहेर आले, तर?



मोटारसायकल आता घरच्या अवजारांतच जमा झाली आहे. दुधाच्या किटल्या डेअरीवर जातात त्या तिच्यावर, खताची पिशवी येते ती तिच्यावर आणि मुले शाळेत जातात तीही तिच्यावरच. नांगराचा फाळ झिजला तर आपण लगेच लोहाराकडे जातो. पण इंजिनाचा बोल्ट जागच्या जागी फिरू लागला, तर ‘चालतंय तोवर चालू द्या’ म्हणतो. हे बरे नव्हे. ऑइल काढण्याचा बोल्ट वाटेत गळून पडला, तर ऑइल रस्त्यावर सांडते आणि पिस्टन जाम होतो. तेच ऑइल मागच्या चाकाखाली आले तर गाडी घसरते. बोल्टाची किंमत थोडी, पण प्रश्न मागे बसलेल्या माणसाच्या हातापायांचा असतो.

आटे का जातात?

इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे असते आणि बोल्ट पोलादाचा. दोघांच्या झटापटीत नरम ॲल्युमिनियमचेच आटे मरतात. ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० सेंटिमीटर लांब पान्यावर सुमारे १० किलोचा जोर पुरतो. पाना दुप्पट लांब घेतला, की तोच जोर दुप्पट होतो. पान्यात पाइप घालून आवळणे म्हणजे आटे मारण्याचा खात्रीचा उपाय!

दुसरे कारण आडवा चढलेला आटा. बोल्ट आधी बोटांनी उलटा फिरवावा, ‘टक्’ असा बारीक धक्का लागला की मगच सुलटा फिरवावा. तीन-चार फेरे बोटांनी गेल्याशिवाय पाना लावू नये. तिसरे कारण गरम इंजिनावर प्लग काढणे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून प्लगचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावे.

तारेचे वेटोळे

मेलेल्या आट्यांवर चांगला इलाज आहे. भोक थोडे मोठे करून त्यात खास टॅपने नवे आटे पाडतात आणि स्टेनलेस पोलादी तारेचे वेटोळे बसवतात. बाजारात ते हेलिकॉइल या नावाने ओळखले जाते. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक साधारण ६.३ मिलिमीटरचे लागते. बोल्टाचे माप मात्र पूर्वीचेच राहते. नीट बसलेले वेटोळे मूळ आट्यांपेक्षाही टिकाऊ असते.

परंतु काही गाड्यांत हे वेटोळेच सैल होते आणि बोल्टाबरोबर बाहेर येते. असे झाले की समजावे, एक तर भोक मापापेक्षा मोठे पडले, किंवा आतले तेल न पुसताच वेटोळे बसवले, किंवा ते पुरते आत गेलेच नव्हते. वेटोळ्याचे वरचे टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली असावे लागते.

दुरुस्ती कशी करावी?

१. जुने वेटोळे काढून टाकावे. ते पुन्हा वापरू नये.

२. भोकातले आटे उजेडात पाहावेत. ते शाबूत असतील तर तेल, कीस सगळे पेट्रोलने धुऊन कोरडे करावे. जवळपास विडी-काडी नको.

३. नव्या वेटोळ्याच्या बाहेरच्या अंगाला आटे घट्ट धरणारा द्रव थेंबभर लावावा. आतल्या अंगाला लागू देऊ नये, नाहीतर पुढच्या वेळी बोल्ट आणि वेटोळे जोडीनेच बाहेर येतील. वेटोळे बसवून गाडी २४ तास तशीच ठेवावी.

४. भोकातले आटेच गेले असतील, तर वेटोळ्याचा हट्ट सोडावा. लेथवाल्याकडून आतबाहेर आटे असलेला जाड बुश बसवून घ्यावा, किंवा ॲल्युमिनियमचे वेल्डिंग भरून नव्याने आटे पाडून घ्यावेत.

प्लगच्या भोकाचे काम मात्र हेड उतरवूनच करावे. ड्रिलचा कीस किंवा वेटोळ्याचा तुटलेला दांडू सिलिंडरमध्ये पडला, तर रोगापेक्षा औषध जालीम व्हायचे. शिवाय तेथील उष्णतेत साधा चिकट द्रव टिकत नाही.

हे करू नका

कुदळीचा दांडा सैल झाला की आपण पाचर ठोकतो. लाकूड पाचरीला धरून ठेवते, म्हणून ते चालते. इंजिनात मात्र दोरा गुंडाळणे, पत्र्याची पट्टी कोंबणे किंवा भोकाच्या कडेला छिन्नी मारणे व्यर्थ आहे. असा बोल्ट घरी घट्ट वाटतो, वाटेत हादऱ्याने सुटतो. खुंटा हलवून बळकट करण्याचा प्रयोगही नको. सैल बोल्ट ‘अजून थोडा’ आवळून पाहिला, की उरलेले आटेही जातात.

पुढची काळजी

ऑइल बदलताना बोल्टाखालचा वॉशर नवा घालावा. जुना चेपलेला वॉशर गळतो, मग माणूस बोल्टच जास्त आवळत बसतो. नवा प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवून मग पान्याने अर्धा फेरा द्यावा. जुनाच परत बसवायचा तर घड्याळातील एका तासाच्या अंतराइतकाच फिरवावा. काम झाल्यावर बोल्ट आणि कवच यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला म्हणून समजावे.

अंगण झाडताना गाडीखाली ऑइलचा ताजा डाग पहिल्यांदा दिसतो तो घरच्या बायामाणसांनाच. तो दिसला की लगेच सांगावे, आणि सांगितलेले घरातल्यांनी मनावर घ्यावे. मिस्त्रीकडे गाडी दिली, तर ‘वेटोळे घालणार की बुश? भोक धुतले का?’ एवढे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. चांगल्या कारागिराला अशा विचारण्याचा राग येत नाही.