खेळातले जीव (भाग ८) : शकल, दगडाखालची बरणी

मागच्या आठवड्यात आपण अंगावर धावून येणारे जीव पाहिले. या आठवड्याचा जीव कुणाच्याही अंगावर जात नाही. तो एका जागी बसून राहतो आणि समोरचा दमेपर्यंत मार खातो. त्याचं नाव शकल.

‘पोकेमॉन’च्या खेळात प्रत्येक जिवाला सहा मूळ आकडे असतात. शकलचे असे: एचपी २०, अटॅक १०, डिफेन्स २३०, स्पेशल अटॅक १०, स्पेशल डिफेन्स २३०, स्पीड ५. बेरीज ५०५. त्यातले ४६० नुसत्या बचावाच्या दोन रकान्यांत ओतलेले आहेत. सगळ्यांच्या ओळखीच्या पिकाचूचा स्पीड ९० आणि अटॅक ५५ आहे, यावरून शकल किती मंद आणि किती दुबळा आहे ते कळावं.

हे असं रूप १९९९च्या आधी शक्यच नव्हतं. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या खेळांत ‘स्पेशल’ नावाचा एकच आकडा होता. आग, पाणी, वीज असे वार करण्याची ताकद आणि तेच वार सोसण्याची ताकद, दोन्ही त्यावरच ठरायची. २१ नोव्हेंबर १९९९ला ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ आले तेव्हा गेम फ्रीक या कंपनीने त्या एका आकड्याचे दोन भाग केले: स्पेशल अटॅक आणि स्पेशल डिफेन्स. सोसणं हा मारण्यापासून वेगळा गुण झाला. त्याच खेळात शंभर नवे जीव आले आणि त्यांतला २१३ क्रमांकाचा शकल. नवा नियम एका टोकापर्यंत ताणून दाखवावा, तसा हा जीव घडवलेला आहे. रचनाकारांचं हे धाडस मला फार आवडतं.

त्याचं जपानी नाव त्सुबोत्सुबो. ‘त्सुबो’ म्हणजे मातीचा घडा, बरणी. उंची ६० सेंटिमीटर, वजन साडेवीस किलो. तांबडं, भोकं पडलेलं कवच आणि त्या भोकांतून बाहेर आलेली पिवळी मान आणि पाय. पहिल्या नजरेत कासव वाटतं, पण खेळाच्या वर्गवारीत तो कीटक आणि दगड अशा दोन प्रकारांचा आहे. दगडाखाली लपायचं, बोरांसारखी फळं गोळा करून कवचात साठवायची आणि अंगातल्या पाचकरसात ती मुरू द्यायची, हा त्याचा उद्योग. कवचात फळांचा रस तयार होतो. जपानीत त्याचा वर्गच ‘आंबवण’ असा दिला आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर लोणच्याच्या बरण्या दादरा बांधून ठेवलेल्या असत, त्यांना हा प्राणी समजावून सांगायला नको. ‘गोल्ड’–‘सिल्व्हर’मध्ये शकलच्या हाती फळ दिलं, तर कधीकधी त्याचा खरोखर रस झालेला मिळतो. तो प्यायला की २० एचपी भरून येतात.

आता मुद्द्याची गोष्ट. माझा भाचा सातवीत आहे. त्याने एकदा वैतागून विचारलं, “मावशी, याला मारायचं तरी कसं?” आम्ही त्याच्या गणिताच्या वहीचं मागचं पान काढलं आणि हिशोब मांडला. लेव्हल १०० असताना एका वाराचं नुकसान काढायची रीत ढोबळमानाने अशी: ४२ गुणिले वाराची ताकद, गुणिले मारणाऱ्याचा अटॅक, भागिले सोसणाऱ्याचा डिफेन्स; त्याला ५०ने भागायचं आणि २ मिळवायचे. म्हणजे डिफेन्स वजा होत नाही, तो भाजक असतो. डिफेन्स दुप्पट झाला की मार जवळजवळ निम्मा होतो, पण शून्य कधीच होत नाही.

समोर घेतला गारचॉम्प, खेळातल्या नावाजलेल्या मारकुट्यांपैकी एक. पूर्ण तालमीनंतर त्याचा अटॅक ३५९. वार ‘अर्थक्वेक’, ताकद १००. पूर्ण तालमीचा आणि अनुकूल स्वभावाचा शकल डिफेन्स ६१४पर्यंत नेतो, एचपी २४४पर्यंत. भागाकार करून, स्वतःच्या प्रकारचा वार म्हणून मिळणारी दीडपट धरून उत्तर आलं ६४ ते ७६. प्रत्येक वारात थोडं नशीब असतं, म्हणून असा पट्टा. डिफेन्स २०० असलेल्या जिवाला हाच वार २२८पर्यंत लागला असता. शकलला पाडायला मात्र चार वार हवेत.

पण नुसतं चार वार सोसून काय मिळवलं? शकलचा अटॅक इतका कमी की त्याने मारलं तरी समोरच्याला गुदगुल्या व्हाव्यात. इथे ‘टॉक्सिक’ हा विषाचा वार कामाला येतो. विषाला अटॅकशी देणंघेणं नसतं. ते समोरच्याच्या पूर्ण एचपीचा पहिल्या पाळीत सोळावा भाग खातं, दुसऱ्या पाळीत दोन सोळांश, तिसऱ्या पाळीत तीन. पाच पाळ्यांत पंधरा सोळांश जातात, सहाव्या पाळीत खेळ संपतो. म्हणजे शकलला सहा पाळ्या जिवंत राहायचं आहे आणि चौथ्या वारात तर तो पडतो.

म्हणून तिसऱ्या पाळीत त्याने झोपायचं. ‘रेस्ट’ वापरलं की दोन पाळ्या झोप लागते, पण एचपी पूर्ण भरतो. आम्ही पाळीगणिक लिहीत गेलो, तेही प्रत्येक वार सर्वांत जोराचा, ७६चा, धरून. पहिली पाळी: मार बसला, १६८ उरले, शकलने विष टोचलं. दुसरी: ९२. तिसरी: १६. अगदी काठावर. तेवढ्यात ‘रेस्ट’, पुन्हा २४४. चौथी, पाचवी झोपेत: १६८, ९२. सहावी: पुन्हा १६. आणि त्याच पाळीच्या शेवटी विष आपला हिशोब पुरा करतं, गारचॉम्प कोसळतो. भाच्याने त्या १६भोवती दोनदा गोल काढला. विषाचा नेम चुकला नाही आणि गारचॉम्पचा एखादा वार वर्मी बसला नाही, तर शकल एकदाही न मारता जिंकतो.

बचावाकडे आपण नेहमी सोसण्याची ताकद म्हणून बघतो. शकलने मला पटवलं की बचाव म्हणजे मिळवलेल्या पाळ्या. २३०च्या आकड्यातून सहा पाळ्या निघतात. त्या पाळ्यांत करायला काही नसेल, तर तो आकडा नुसता दगड आहे. समोरच्या शहाण्या खेळाडूलाही हे ठाऊक असतं. तो गारचॉम्पकडून आधी ‘स्वोर्ड्स डान्स’ करवून अटॅक दुप्पट करतो आणि मग दोनच वारांत शकल आडवा होतो. किंवा ‘टाँट’ वापरून शकलला डिवचतो, म्हणजे विषही बंद, झोपही बंद.

त्याहून मोठी फट एचपीच्या रकान्यात आहे. काही वार डिफेन्सकडे बघतच नाहीत. ‘सिस्मिक टॉस’ लेव्हलइतकं नुकसान करतो: लेव्हल १००, नुकसान १००. तीन वारांत २४४ संपले. हा वार ब्लिसीलाही येतो. ब्लिसी म्हणजे अंडं जपणारी गुलाबी, गुबगुबीत परिचारिका. तिचा मूळ अटॅकही शकलसारखाच १०. म्हणजे गारचॉम्पला जिथे चार वार लागतात, तिथे ब्लिसी तिसऱ्याच वाराला काम उरकते. ब्लिसीची भिंत वेगळ्या मातीची आहे, मूळ एचपी २५५ आणि डिफेन्स फक्त १०. पुढचा भाग तिच्यावरच आहे.

पुढच्या आवृत्त्यांनी शकलला आणखी कामं दिली. ‘पॉवर ट्रिक’ने तो स्वतःचे अटॅक आणि डिफेन्स अदलाबदल करू शकतो. मग ६१४चा अटॅक घेऊन तो उभा राहतो, पण अंगावरचं कवच उतरलेलं असतं आणि स्पीड मात्र तोच ५. बघायला थरारक, जिंकायला अवघड. २०१३च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’पासून आलेलं ‘स्टिकी वेब’ त्याला खरं फळलं. मैदानावर चिकट जाळं पसरायचं, मग समोरचा जो कुणी जमिनीवरून आत येईल त्याचा स्पीड तिसऱ्या हिश्शाने घटतो. त्याच्या ‘स्टर्डी’ या गुणामुळे, एचपी पूर्ण असताना, एका वारात तो पडत नाही. त्यामुळे जाळं टाकण्याइतकी एक पाळी मिळतेच. खेळातला अतिशय मंद जीव इतरांना मंद करण्याच्या कामी लागला, आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांनी त्याला मनापासून स्वीकारलं.

‘गोल्ड’–‘सिल्व्हर’मध्ये समुद्रापलीकडे सायनवुड नावाचं गाव आहे. तिथल्या एका घरात एक माणूस घाबरून बसलेला असतो. त्याचा लाडका पोकेमॉन कुणीतरी हिसकावून नेला आहे आणि चोर परत येईल अशी त्याला धास्ती आहे. तो आपला शकल, ‘शकी’, काही दिवस सांभाळायला तुमच्या हाती देतो. लेव्हल १५. पुढे कधीतरी तुम्ही त्याच्याकडे परत जाता. शकीला तुमचा लळा लागला नसेल तर तो त्याला परत ठेवून घेतो. लागला असेल तर म्हणतो, आता हा तुझाच.

हा लळाही खेळाच्या पोटात मोजलेला असतो. बरोबर घेऊन चाललं की वाढतो, लढाईत पाडून घेतलं की घटतो. इतका सोसणारा जीव हाती आला की पहिला मोह होतो तो त्याला सगळ्यांच्या पुढे उभा करण्याचा. भाच्याने तसं केलं नाही. त्याने शकीला एकाही लढाईत उतरवलं नाही. गोल्डनरॉडच्या रस्त्यांवरून, गवतातून, पुलांवरून नुसतं बरोबर घेऊन फिरवलं, चार रविवार. मग सायनवुडला गेला. शकी अजून त्याच्याकडेच आहे.