सुरकुत्यांवरील इलाज

ज्या जयपूरने १८७६ साली, इंग्लंडच्या युवराजाच्या आगमनाप्रीत्यर्थ, महाराजा सवाई रामसिंहांच्या हुकुमाने आपला दर्शनी चेहरा गुलाबी रंगवून घेतला, त्याच नगरीत आता मनुष्यमुखावरील वयाच्या खुणा पुसणारी चिकित्सालये चालावीत, यात नवल ते काय?

बोटॉक्सची सुई मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडवून कपाळावरील आठ्या सैल करते, पण तिची मुदत तीन-चार महिन्यांचीच. शस्त्रक्रियेत मात्र कानाजवळ छेद घेऊन, त्वचेबरोबर तिच्याखालील स्नायुतंतूंचा स्तरही वर ओढून टाके घालतात, आणि तेथे चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा होण्याचा धोका, जाहिराती काहीही म्हणोत, उरतोच.

या विद्येचा अस्सल दाखला पुण्याचा आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानाला तेथील एका कुंभाराने, कपाळाच्या त्वचेचा तुकडा मुळाशी जोडलेला ठेवून खाली वळवून, नवे नाक दिले. हे वृत्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ साली प्रसिद्ध झाल्यावर जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये तीच रीत तिकडे योजिली. कावसजीची गरज आणि आजच्या हौशी गिऱ्हाइकाची गरज एका तागडीत घालणे मला अवघड वाटते. रक्तपुरवठा शाबूत राखण्याचे तत्त्व मात्र दोहोंकडे एकच, आणि म्हणूनच धूम्रपान करणाऱ्याला शल्यचिकित्सक काही आठवडे आधीच विडी सोडायला लावतात.