राजदूत ३५०: ऑइल पंप काढू नका
एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेली राजदूत ३५० ही ३४७ सीसी, दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक गाडी. तिचे वंगण ऑटोल्यूब, म्हणजे ऑइल वेगळे पुरवणाऱ्या पंपावर चालते. पंप बिघडला तर इंजिन जाम होईल, म्हणून तो काढून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळा, असे अनेक जण सांगतात. भीती खरी, पण उपाय अपुरा. आदिलाबाद-निर्मल वाटेवरच्या महबूब घाटात थ्रॉटल मिटून उतरताना इंजिन वेगाने फिरते, मिश्रण मात्र जेमतेम जाते. पंप मात्र फक्त थ्रॉटलनुसार नव्हे, इंजिनच्या गतीनुसारही ऑइल देत राहतो. आदिलाबादच्या कडक उन्हाळ्यात हा फरक पिस्टन वाचवतो. म्हणून पंप काढण्याऐवजी दोन्ही कार्ब्युरेटर एकसारखे उघडतात हे पाहून मगच पंपाची केबल जुळवा, नळीतली हवा काढा आणि निघण्यापूर्वी ऑइलची पातळी तपासा.