आपलाच संघ हरावा असे वाटते तेव्हा

मेलबर्नचे एमसीजी मैदान आपल्याला ठाऊक असते ते 'बॉक्सिंग डे' कसोटीमुळे. पण मेलबर्नकराला विचाराल तर हे मैदान आधी 'फूटी'चे, मग क्रिकेटचे. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला 18 खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडू नये म्हणून 1858 मध्ये या खेळाची कल्पना पुढे आली आणि 1859 मध्ये त्याचे नियम कागदावर उतरले. दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस याच मैदानावर लाखभर माणसे अंतिम सामना पाहायला जमतात.

या खेळाच्या चाहत्यांत एक विलक्षण प्रकार पाहायला मिळतो. मोसमाच्या उत्तरार्धात, संघ गुणतालिकेच्या तळाशी असताना, कट्टर पाठीराख्यांपैकी काही जण मनातल्या मनात प्रार्थना करतात, 'आज आपण हरू दे!' गळ्यात क्लबचा मफलर, खिशात सभासदत्वाचे कार्ड आणि मनात पराभवाची इच्छा. हा दगाफटका नाही. उलट त्यांच्या मते ही निष्ठेचीच परीक्षा असते. निष्ठा नावाची गोष्ट मेंदूत आणि शरीरात नेमकी कशी काम करते, याचे उत्तर या विसंगतीतून मिळू शकते.

तळाला जा, हिरा मिळवा

या विसंगतीचे मूळ आहे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीत. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये नवे खेळाडू आयपीएलसारखे लिलावात विकत घेतले जात नाहीत. 1986 पासून तेथे 'ड्राफ्ट' आहे. 18 वर्षांच्या आसपासच्या होतकरू मुलांतून क्लब पाळीपाळीने निवड करतात आणि ज्याचा मोसम सर्वांत वाईट गेला, त्याची पाळी पहिली. दुबळ्याला बळ मिळावे, हा त्यामागचा हेतू. क्लबांनी पगारावर किती खर्च करायचा यालाही मर्यादा आहे.

2009 मध्ये या व्यवस्थेत आणखी एक सवलत होती. सलग दोन मोसमांत चारपेक्षा जास्त सामने न जिंकणाऱ्या क्लबला सुरुवातीलाच एक जादा निवड मिळे. मेलबर्न फुटबॉल क्लब हा या खेळातला सर्वांत जुना क्लब. 2008 मध्ये त्याने तीन सामने जिंकले होते. 2009 मध्ये तो पुन्हा तळाशी होता. त्या मोसमात रिचमंडविरुद्धच्या एका सामन्यात वेळ संपल्याचा भोंगा वाजल्यानंतर रिचमंडच्या खेळाडूने शेवटची लाथ मारली, गोल झाला आणि मेलबर्न हरले. मोसमाअखेर मेलबर्नच्या नावावर बरोबर चार विजय होते. पहिली आणि दुसरी, दोन्ही निवडी त्याच्या झोळीत पडल्या.

क्लब मुद्दाम हरला का, याची पुढे चौकशी झाली. हेतुपुरस्सर सामने हरल्याचा ठपका लीगने ठेवला नाही. तरीही 2013 मध्ये क्लबला पाच लाख डॉलर दंड झाला आणि तेव्हाचे प्रशिक्षक व एक अधिकारी यांना निलंबित करण्यात आले. जादा निवडीचा तो आपोआप लागू होणारा नियमही बदलला.

या सौद्यातून काय मिळाले, ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या क्रमांकावर निवडलेला टॉम स्कली दोनच मोसम खेळून नव्याने स्थापन झालेल्या क्लबकडे गेला. दुसरा, जॅक ट्रेंगोव्ह, विशीतच कर्णधार झाला. पण पायाच्या दुखापतीने त्याची उमेदीची वर्षे खाल्ली. तिसऱ्या क्रमांकावर रिचमंडने निवडलेला डस्टिन मार्टिन मात्र पुढे तीन अंतिम सामन्यांत सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. आणि मेलबर्नला त्याच ड्राफ्टमध्ये मिळालेले खरे रत्न होते मॅक्स गॉन. तो निवडला गेला 34 व्या क्रमांकावर!

अठराव्या वर्षी काय कळते?

पारखी माणसे इतकी कशी चुकतात? त्यातले काही कारण जीवशास्त्रात आहे. ड्राफ्टपूर्वी मुलांची 20 मीटर धाव, उभी उडी, वळण्याची चपळाई, लांब पल्ल्याचा दम असे सारे मोजले जाते. पण अठराव्या वर्षी सर्वांची शरीरे सारख्या टप्प्यावर नसतात. काहींची वाढ पूर्ण झालेली असते, काहींचे स्नायू आणि हाडे अजून भरत असतात. सहा फूट दहा इंचांच्या आसपास उंची असलेल्या गॉनसारख्या खेळाडूला तर स्वतःच्या शरीरावर ताबा मिळवायलाच काही वर्षे लागतात. त्याची सुरुवातीची वर्षे गुडघ्याच्या दुखापतींतच गेली.

दुसरे कारण जन्मतारखेचे. वयोगट जानेवारी ते डिसेंबर असा मोजला, की जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, पण दोघे एकाच गटात खेळतात. मोठा मुलगा थोडा उंच, थोडा दणकट. म्हणून निवड त्याची होते, चांगले प्रशिक्षणही त्यालाच मिळते आणि फरक वाढत जातो. 1980 च्या दशकात कॅनडातील आइस हॉकीत हा कल प्रथम ठळकपणे दाखवला गेला. नंतर तो अनेक खेळांत आढळला, ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्येही. विशेष म्हणजे तेथे थोड्या मोठ्या वयात निवडल्या जाणाऱ्या खेळाडूंत चित्र उलटे दिसते, वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले पुढे येतात. लहानपणी मागे पडलेले हेच ते.

तिसरे कारण आपल्या अतिआत्मविश्वासाचे. संशोधक केड मॅसी आणि नोबेल पारितोषिकविजेते रिचर्ड थेलर यांनी अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट तपासला. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी नंतर लगेच निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून किंचितच जास्त निघाली, नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरी. तरी क्लब पहिल्या निवडीसाठी वाटेल ती किंमत मोजतात. म्हणजे 'आज हरू, उद्या हिरा मिळवू' हा चाहत्याचा हिशेब भावनेच्या अंगाने समजण्यासारखा असला, तरी गणिताच्या अंगाने कच्चा आहे. मेलबर्नला त्याची किंमत मोजावी लागली. 2011 मध्ये त्यांनी एक सामना तब्बल 186 गुणांनी गमावला आणि 2007 ते 2017 अशी सलग 11 वर्षे हा संघ बाद फेरीपर्यंत पोहोचलाच नाही.

खेळाडू जातात, रंग राहतो

मग चाहते तरी का राहिले? सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताइफेल यांनी 1970 च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. दोन चित्रकारांपैकी तुम्हाला कोणाची चित्रे आवडली, असे विचारून त्यांनी मुलांचे गट पाडल्याचे भासवले. प्रत्यक्षात गट निव्वळ योगायोगाने पाडलेले होते. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हते. तरीही पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. 'आपण' आणि 'ते' ही रेघ ओढायला मेंदूला इतके थोडे पुरते. मग त्या रेघेला आजोबांपासून चालत आलेला रंग, घराजवळचे मैदान आणि बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेला पहिला सामना मिळाला, की ती पुसणे कठीणच.

फूटीने हे नाते नियमातही बसवले आहे. ज्याचे वडील एखाद्या क्लबकडून किमान 100 सामने खेळले, अशा मुलाला निवडताना त्या क्लबला प्राधान्य मिळते. याच 'पिता-पुत्र' नियमाने 2001 मध्ये गॅरी एब्लेट धाकटा वडिलांच्या जीलाँग क्लबमध्ये आला. चाहत्यांच्या दृष्टीने तो घरचाच मुलगा. 2010 च्या मोसमानंतर तो मोठ्या करारावर गोल्ड कोस्टला गेला, तेव्हा हळहळ झाली. 2018 मध्ये परतला, तेव्हा स्वागतही झाले. व्यवहार आणि नाते यांची ही ओढाताण सतत चालू असते. खेळाडूसाठी क्लब ही नोकरी असते, चाहत्यासाठी ती ओळख असते.

आपल्याकडेही याची झलक दिसली. 2024 च्या आयपीएलमध्ये रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्या मुंबई इंडियन्सचा कर्णधार झाला आणि वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तीन महिन्यांनी टी-20 विश्वचषक जिंकून भारतीय संघ त्याच वानखेडेवर आला, तेव्हा हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. माणूस तोच, मैदान तेच. 'आपण' या शब्दाचा परीघ तेवढा बदलला होता.

पराभवाने घट्ट होणारी गाठ

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी 1976 मध्ये एक मजेदार निरीक्षण प्रसिद्ध केले. विद्यापीठाचा संघ जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालणारे विद्यार्थी वाढतात. शिवाय संघ जिंकला की 'आम्ही जिंकलो' आणि हरला की 'ते हरले' अशी भाषा होते. हे झाले हौशी चाहत्यांचे. कट्टर पाठीराख्याला ही पळवाट नसते. तो हरल्यावरही 'आम्ही'च म्हणतो.

इतकेच नव्हे, एकत्र सोसलेले दुःख गट अधिक घट्ट बांधते असे दिसते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील चाहत्यांचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षानुवर्षे हरणाऱ्या क्लबांचे पाठीराखे यशस्वी क्लबांच्या पाठीराख्यांपेक्षा एकमेकांशी अधिक जोडलेले आढळले. त्यामागचे एक स्पष्टीकरण जुनेच आहे. ज्याच्यासाठी आपण खूप सोसले, ते मोलाचेच असणार, अशी समजूत मन घालून घेते. लांबणारी मालिका अर्धवट न सोडण्यामागेही थोडाफार हाच खेळ असतो.

मेलबर्नच्या चाहत्यांनी ही निष्ठा पैशातही दाखवली. क्लब सुमारे 50 लाख डॉलरच्या कर्जात होता. 2008 मध्ये माजी खेळाडू जिम स्टाइन्स अध्यक्ष झाले. डब्लिनमध्ये गेलिक फुटबॉल खेळणाऱ्या या आयरिश मुलाला क्लबने 1984 मध्ये समुद्रापारहून निवडून आणले होते आणि पुढे सलग 244 सामने खेळण्याचा विक्रम त्याने केला. कर्करोगाशी झगडत त्यांनी चाहत्यांना हाक दिली आणि 2010 पर्यंत कर्ज फिटले. सामने हरत असतानाच्या त्या काळात लोकांनी हे पैसे दिले. 2012 मध्ये स्टाइन्स गेले.

हृदयावरचा भार

ही निष्ठा शरीरालाही जाणवते. 2006 चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला. म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी तेव्हा नोंदी ठेवल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीच पटींहून अधिक झाल्या; पुरुषांत तिपटीहून जास्त. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास होता, त्यांना धोका अधिक होता. ताणाच्या क्षणी रक्तात ॲड्रेनलिन वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतो. त्यात जागरण, धूम्रपान, मद्य आणि चुकलेली औषधे यांची भर पडली, की नाजूक हृदय अडचणीत येऊ शकते.

मनाचा ताळेबंदही तोट्याचाच. ब्रिटनमध्ये हजारो लोकांनी मोबाइल ॲपवर नोंदवलेल्या क्षणोक्षणीच्या मनःस्थितीचा अभ्यास झाला. संघ जिंकल्यावर तासाभरात जितका आनंद वाढतो, त्याच्या सुमारे दुप्पट तो हरल्यावर घटतो. निव्वळ आनंदासाठी कोणी चाहता होत असेल, तर तो तोट्याचा धंदा म्हणावा लागेल.

पण आनंद ही एकच मिळकत नसते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वान यांनी वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासांत गावातल्या संघाशी जोडलेपण आणि कमी एकटेपणा यांचा संबंध दिसतो. यातील कार्यकारण नेमके सांगता येत नसले, तरी अनुभवाला ते पटते. निवृत्त आजोबा, शाळकरी नात आणि शेजारचा दुकानदार यांना दर आठवड्याला एकमेकांशी बोलायला एक विषय मिळतो, तो जिंकल्या-हरल्यावर अवलंबून नसतो.

मेलबर्नचे पुढे काय झाले? 1964 नंतरचे विजेतेपद त्यांना 57 वर्षांनी, 25 सप्टेंबर 2021 रोजी मिळाले. तिसऱ्या सत्रात 19 गुणांनी मागे पडलेला संघ 74 गुणांनी जिंकला. कर्णधार होता 34 व्या क्रमांकावर निवडलेला मॅक्स गॉन. पण करोनामुळे सामना हजारो किलोमीटर दूर पर्थला हलवला होता आणि मेलबर्न शहर टाळेबंदीत होते. आयुष्यभर वाट पाहिलेल्यांनी तो घरात बसून पाहिला. एमसीजी त्या दिवशी रिकामे होते.

आपला संघ कोणताही असो, काही गोष्टी पाळता येतात. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असेल तर सामन्याच्या दिवशी औषधाची वेळ चुकवू नका. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम यांपैकी काही जाणवले तर 'शेवटचे षटक होऊ दे' म्हणत थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. पराभवानंतरचा राग घरच्यांवर काढू नका. थोडे चालून या. आणि जमेल तेव्हा सामना एकट्याने मोबाइलवर न पाहता चार माणसांत बसून पाहा.