इन्सुलिनची सुई आणि डोळ्याचा पडदा

‘इन्सुलिन सुरू केलं की डोळे जातात.’ या धास्तीने कित्येक जण सुई टाळत राहतात, आणि धोका वाढतो तो त्या टाळण्यातच. गोळ्यांनी भागेनासं झालं की इन्सुलिनची पाळी येते, बहुधा मधुमेहाच्या कैक वर्षांनंतर. तोवर पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या नासू लागलेल्या असतात. पडद्यात साखर शिरायला इन्सुलिन लागत नाही. रक्तात वाढली की तिथेही वाढते. नजर मात्र सुईनंतर अधू होते, आणि आळ सुईवर येतो.

तरी या भीतीत सत्याचा एक कण आहे, तो लपवू नये. फार दिवस चढलेली साखर झपाट्याने उतरवली, तर आधीच दुखावलेला पडदा काही महिने आणखी बिघडू शकतो. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर अमेरिका-कॅनडात झालेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दिसलं. पण त्याच अभ्यासात, ज्यांचे पडदे सुरुवातीला निरोगी होते, त्यांच्यात काटेकोर उपचारांनी पडद्याच्या आजाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. म्हणून साखर फार वाढलेली असेल, तर इन्सुलिन सुरू करतानाच पडदा तपासून घ्यावा. तपासणीसाठी इन्सुलिन लांबवू मात्र नये.

मग नजर कशाने जाते? रक्तवाहिन्या बुजल्या की पडद्याला प्राणवायू कमी पडतो. मग पडदा व्हीईजीएफ नावाचा वाढघटक सोडतो. त्याने फुटणाऱ्या नव्या वाहिन्या नाजूक असतात, त्यांतून रक्तस्राव होतो. जुन्या वाहिन्या पाझरून पडद्याला सूज येते. डोळ्यात देतात ते इंजेक्शन याच घटकाला रोखतं. त्याचा इन्सुलिनशी संबंध नाही.

‘मला स्पष्ट दिसतं’ हाही भरवसा फसवा. सुरुवातीला ना दुखतं, ना धूसर होतं. मोतीबिंदूच्या शिबिरात डोळे दाखवले म्हणजे पडदा तपासला असंही नाही. ‘पडदा बघा’ असं स्पष्ट सांगावं. टाइप २ असेल तर निदान होताच, आणि पुढे साधारण दरवर्षी.   तपासणीवेळी टाकतात त्या बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास अंधूक दिसतं, ऊन सोसवत नाही. त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये.